दहावा माणूस

मध्य रेल्वेवरच्या मशीद स्टेशनात रोज हजारो माणसं उतरतात. मसाल्याच्या, सुकामेव्याच्या, पत्र्याच्या बाजारात ती पांगतात आणि स्टेशनाला हे नाव कुठल्या मशिदीवरून पडलं हे कुणी विचारत नाही. जुन्या मुंबईकरांना विचारलं तर पुष्कळ जण मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटकडे बोट दाखवतात. तिथे एक बसकी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेत सहज न भरणारी वास्तू आहे. तिचं हिब्रू नाव 'शार हारहमीम', म्हणजे दयेचं दार. लोक तिला 'जुनी मशीद' म्हणतात. ती आहे ज्यूंची.

पुण्यात कॅम्पात गेलं की लाल विटांचा एक उंच मनोरा दिसतो. त्याला घड्याळ आहे, आणि लांबून पाहणारा त्याला बेलाशक चर्च समजतो. पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. तेही ज्यूंचंच. एकाच धर्माच्या प्रार्थनाघराला मुंबईत मशीद म्हणावं, पुण्यात देऊळ, आणि ते दिसावं चर्चसारखं, हे महाराष्ट्राच्या भाषिक स्वभावाला धरूनच झालं. ज्याच्या हाताशी जो शब्द होता तो त्याने लावला. गंमत म्हणजे ज्यांची ती वास्तू, त्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनीही आपल्या प्रार्थनाघराला बिनदिक्कत 'मशीद'च म्हटलं. मांडवीतली 'जुनी', नंतर बांधलेली 'नवी'.

वास्तूला काय म्हणायचं याची यहुदी धर्माला फारशी फिकीर नसावी. त्याला फिकीर आहे ती आकड्याची. दहा. तेरा वर्षं पुरी झालेले दहा पुरुष जमले की मिन्यान होतं, आणि मिन्यान झालं की सार्वजनिक प्रार्थना सुरू होते. त्याशिवाय कपाटातून, म्हणजे हेखालातून, सेफर तोराची गुंडाळी काढून सगळ्यांपुढे वाचायची नाही. मेलेल्या आईबापांच्या नावाने कद्दिश म्हणायचं नाही. नऊ पंडित येऊन बसले असले तरी खोळंबा, आणि दहावा म्हणून गणिताचा गृहपाठ अर्धा टाकून आलेला तेरा वर्षांचा पोरगा दारात उभा राहिला की काम चालू. इथे विद्वत्तेला, पैशाला, वयाला अर्थ नाही. हजर असण्याला आहे.

त्यातही माणसं थेट एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत. जुनी चाल अशी, की दहा शब्दांचं एक स्तोत्रवचन घ्यायचं आणि एकेका माणसाकडे पाहत एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं तर माणसं पुरी. शेवटचा शब्द तोंडात तसाच राहिला, तर कुणीतरी दाराशी जाऊन रस्त्याकडे बघतो. ज्या गावात वस्ती विरळ झाली, तिथे हे रस्त्याकडे बघणं हाच अर्धा धर्म होऊन बसला आहे.

आणि तरीही बेने इस्राएलांचा इतिहास पाहिला, तर त्यांनी कित्येक शतकं सिनेगॉगशिवाय काढली. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. वाचलेले कोकणात पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिलं. गावावरून आडनावं आली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, झिराडकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. हिब्रू गेली, ग्रंथ गेले. उरला शब्बाथ, उरली सुंता, आणि एकच प्रार्थना, 'शेमा'. लग्नात, मर्तिकात, बारशात तीच.

मग कधीतरी डेव्हिड राहाबी नावाचा एक बाहेरचा यहुदी आला. हे ज्यू खरे की कसे, याची परीक्षा त्याने पोथी घेऊन घेतली नाही. त्याने बायकांच्या हाती मासळीची टोपली दिली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. आपल्यात ती खात नाहीत, एवढंच त्यांना माहीत होतं. राहाबीला तेवढं पुरलं. त्याने तिघांना शिकवून तयार केलं, त्यांना काजी म्हटलं, आणि गावोगावचे विधी त्यांच्या हाती दिले. ही गोष्ट नेमकी कोणत्या शतकातली यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. ती भांडोत. या समाजाच्या शिक्षणाची पहिली परीक्षा चुलीपाशी झाली आणि ती बायकांनी पास केली, हे मात्र त्याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं आहे. मिन्यानच्या दहांत जुन्या रीतीप्रमाणे बाई धरत नाहीत, हे लक्षात घेतलं की त्या टोपलीचं वजन वाढतं.

पहिली वास्तू आली ती 1796 मध्ये, आणि ती एका नवसाची. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, हा कंपनीच्या पलटणीतला अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. कैद्यांची जात-धर्म विचारताना त्याने 'बेने इस्राएल' म्हणून सांगितलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ती माणसं आपल्या कैदेत कशी, म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्याचा जीव वाचला, अशी कथा आहे. सुटलो तर मुंबईत प्रार्थनाघर बांधीन, असा त्याचा नवस होता. त्याने तो फेडला. रस्त्याला नाव मिळालं ते त्याचंच. वास्तू तर झाली. पण आत ठेवायला हस्तलिखित तोरा हवी. ती आणायला तो कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तिथेच वारला. ज्याने घर बांधलं, त्याला त्या घरातल्या मिन्यानमध्ये फार दिवस उभं राहायला मिळालं नाही.

यानंतर कोकणात एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ 1848 चं, 1910 मध्ये पुन्हा बांधलेलं. रेवदंडा, पनवेल, पेण, बोर्ली, ठाणे. प्रत्येक ठिकाणी कारभार एकाच पद्धतीचा. वर मुकादम, त्याच्या मदतीला चौगुले, पैशांचा हिशेब गब्बायकडे, प्रार्थना चालवायला हजान, दिवाबत्ती आणि बोलावणी करायला शमाश. ग्रामपंचायतीचा साचा आणि हिब्रू नावं यांची ही जोडणी कुणी ठरवून केली नसणार. ज्यांना जसं जगता येत होतं तसं त्यांनी रचलं.

दानाची रीतही अशीच घरगुती. हेखाल उघडण्याचा, तोरा उचलून मिरवण्याचा मान सणाच्या दिवशी बोली लावून घ्यायचा, आणि बोलीचा पैसा मंडळीच्या पेटीत. काचेच्या हंड्यांत तेवणाऱ्या दिव्यांसाठी खोबरेल तेल नवसाचं. तेल्यांच्या समाजाने देवाला तेल द्यावं, यात नवल नाही. दानाला हिब्रूत शब्द आहे 'त्सदाका'. आपल्याकडे हिंदी गाण्यांतून आणि मुसलमान शेजाऱ्यांकडून ओळखीचा झालेला 'सदका' त्याचा चुलतभाऊ. दोन्ही सेमिटिक भाषांतले. पण हिब्रूत त्या धातूचा अर्थ दयेकडे झुकत नाही, न्यायाकडे झुकतो. म्हणजे देणारा उपकार करत नाही, देणं चुकतं करतो. तोरातल्या शिरगणतीतही हाच विचार आहे. माणसं मोजायची नाहीत म्हणून प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा आणि नाणी मोजायची. श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. मोजलं जाणं आणि देणं, दोन्ही एकाच व्यवहारात उरकतं.

सणांची मराठी नावं तर वाचतच राहावी. सुक्कोथ हा 'खिरीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्याने सुटतो. कोकणी माणसाला यापुढे वेगळं काही समजावून सांगायला नको. योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण': दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपाशी, घरात आणि प्रार्थनेत बसायचं. आणि त्याचा दुसरा दिवस 'शिळा सण'. दारं उघडायची, गोरगरिबांना दान करायचं, सोयऱ्यांकडे जायचं. वर्षातला सगळ्यात पवित्र दिवस आटोपल्यावर पहिलं काम काय, तर देणं. या दिवसाला 'शिळा' हे नाव कुणी दिलं असेल तो माणूस भेटायला हवा होता.

'मलिदा' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी पार नासवला आहे. कंत्राटदार लाटतात तो मलिदा. बेने इस्राएलांच्या घरी मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि मध्ये एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं नाव. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटला की हे ताट मांडायचं, हिब्रूत गाणं म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांना वाटायचं. अलिबाग परिसरात एका खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या मानतात आणि तिथेही नवस फेडायला जातात. जगातल्या इतर ज्यूंकडे एलियाहू आहे, पण पोहे नाहीत.

शिकण्याच्या बाबतीत मात्र हा समाज नुसता आपल्या चुलीवर अवलंबून राहिला नाही. त्याला बाहेरून शिक्षक मिळाले, आणि ते कुठून कुठून! कोचीनचे ज्यू आले, त्यांनी हिब्रू आणि प्रार्थनेची शिस्त आणली. स्कॉटलंडहून जॉन विल्सन हे पाद्री आले. त्यांना खरं तर ही माणसं ख्रिस्ती करायची होती. त्यासाठी त्यांनी हिब्रू शिकवली, आणि 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून लिहिलं. बेने इस्राएलांनी व्याकरण ठेवून घेतलं, धर्म बदलला नाही. काही मोजके अपवाद सोडले तर पाद्रीबुवांचा हा सौदा तोट्यात गेला. विद्यार्थ्यांनी फी न देता शिक्षण पदरात पाडून घेतलं असंच म्हणायचं.

1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाली. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रं आहेत: साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या लाटताहेत आणि भाजताहेत. मिसर देशातून सुटलेल्या गुलामांची गोष्ट, आणि तिची तयारी पुण्याच्या स्वयंपाकघरात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांनी तर हिब्रूतून मराठीत प्रार्थनाग्रंथ आणण्यात आयुष्य घातलं. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. 1880 च्या सुमारास काही तरुणांनी हिंदू कीर्तनं ऐकली आणि विचार केला, की अब्राहाम आणि योसेफ यांच्या गोष्टी साकी-दिंडीत का बसू नयेत? बसल्या. टाळ वाजू लागले. बायका-मुलांना हिब्रू पानावर जे कळत नव्हतं, ते कीर्तनात कळलं.

या सगळ्यात एक नाव वारंवार भेटतं. हाईम सॅम्युएल केहिमकर. भावांबरोबर आणि मित्रांबरोबर त्यांनी शिक्षणासाठी मंडळी स्थापली, 1875 मध्ये समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. शाळेसाठी दारोदार हिंडणं, परदेशातल्या यहुद्यांना पत्रं धाडणं, पैसे संपले की पुन्हा हिंडणं. अशी माणसं प्रत्येक जातीत एकोणिसाव्या शतकात निघाली, म्हणून त्यांचं अप्रूप वाटेनासं होतं. पण केहिमकरांनी शाळेबरोबर आणखी एक काम केलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून रीतिरिवाज, आडनावं, सण, गाऱ्हाणी सगळं टिपून समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. लिहून झाला 1897 मध्ये, छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. लेखक जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती. आज 'शिळा सण' आणि 'खिरीचा सण' हे शब्द अभ्यासकांना सापडतात ते त्याच पानांत.

केहिमकरांची शाळा पुढे एका मोठ्या देणगीनंतर सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. माझगावात ती अजून चालू आहे.

मोठ्या देणग्यांची गोष्ट निघाली की ससून यांच्यापाशी थांबावंच लागतं. बगदादहून परागंदा झालेले डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईत आले आणि कापड, कापूस, अफू यांच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफू हा शब्द ससून रुग्णालयाच्या कोनशिलेवर नसतो, पण हिशेबात होता. त्यांनी सुधारशाळा, रुग्णालय, सिनेगॉग यांना हात सैल सोडून पैसा दिला. पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, त्यांनी बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायच्या आत, 1864 मध्ये, वारले. तिथेच आवारात त्यांची समाधी आहे. देऊळ पुरं झालं 1867 मध्ये, रुग्णालयही त्याच वर्षीचं. तिथे सगळ्या जातीधर्मांचे रोगी येतात. पुण्यातल्या आणि आसपासच्या गरिबाला 'ससून' हा माणूस होता हेही ठाऊक नसतं. ते त्याच्या लेखी औषध मिळण्याचं ठिकाण आहे.

आणि याच डेव्हिड ससून यांच्या सहीचा 1836 चा एक अर्ज आहे. मुंबईच्या ज्यू कबरस्तानात बगदादी आणि बेने इस्राएल एकत्र पुरले जात. मध्ये भिंत घालून द्यावी, अशी बगदादी मंडळींची सरकारला विनंती होती. पुढे बगदादी सिनेगॉगांत बेने इस्राएलांना तोरा वाचायला बोलावणं नाकारलं जाऊ लागलं, मिन्यानमध्ये धरणंही. म्हणजे आत दहा काळीसावळी मराठी बोलणारी माणसं उभी असली, तरी मोजणाऱ्याच्या लेखी शून्य. सगळ्या शहराला दवाखाना देणारा हात आपल्याच धर्मभावाला दहांत धरताना आखडावा, हे कोडं सोडवायच्या फंदात पडू नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहेत.

अर्थात बेने इस्राएलांनीही यात हात धुवून घेतले होते. त्यांच्यात 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. काळे म्हणजे ज्यांची आई किंवा आजी इस्राएल नव्हती असे. त्यांच्याशी रोटी-बेटी नाही, सिनेगॉगात त्यांची पायरी खालची. कोकणच्या हवेत जे होतं ते त्यांच्याही अंगात शिरलं. वरच्याने नाकारलेला माणूस खालच्याला नाकारायला कधी चुकत नाही. वरच्याविरुद्ध मात्र ते लढले. 1930 च्या दशकात रंगूनच्या सिनेगॉगात मतदानाचा आणि विश्वस्त होण्याचा हक्क नाकारला, तेव्हा बेने इस्राएल हायकोर्टात गेले आणि जिंकले. इस्राएल देश झाल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्याशी विवाहाच्या बाबतीत शंका काढल्या. त्यावर जेरुसलेमात धरणं धरली गेली आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं ठरवलं. दहांत धरा, एवढंच म्हणणं, मुंबई ते रंगून ते जेरुसलेम.

डॉ. जेरुशा झिराड यांना मात्र कोणत्याच जुन्या दहांत जागा नव्हती. 1890 चा जन्म, पुण्यात शिक्षण, पुढे लंडनहून वैद्यकी. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या 1928 पासून 1947 पर्यंत प्रमुख होत्या; 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या हातांनी शहरातली कितीतरी मुलं जगात आणली, त्या हातांची मालकीण सिनेगॉगात आली तरी मिन्यान पुरं होत नव्हतं. त्या चिडून घरी बसल्या नाहीत. समाजातल्या बायकांसाठी त्यांनी स्त्री मंडळ उभं केलं, 1925 मध्ये सुधारक विचारांची ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन करण्यात पुढाकार घेतला. मासळीची टोपली घेतलेल्या त्या जुन्या बायांची ही पणती शोभते.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीस हजारांच्या आसपास बेने इस्राएल होते. मग बोटी आणि विमानं भरून माणसं इस्राएलला गेली. कुणी हाकललं नव्हतं. असा निरोप जगात फार थोड्या ज्यूंना मिळाला असेल. तिकडे लोद, अश्दोद, दिमोना, बेर्शेबा इथे ती वसली, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढू लागली आणि पोह्यांचा मलिदा तिकडच्या बाजारात सापडेल त्या सामानाने करू लागली. इकडे घाणे आधीच बंद पडले होते. आता शनिवार पाळायला घरंच कमी उरली. 2011 च्या शिरगणतीत सबंध भारतात ज्यू साडेचार हजारांवर थोडेसे भरले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. सरकारी अर्जांवर त्यांची खूण 'इतर'मध्ये. 2016 च्या जूनमध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, तेव्हा कुठे त्यांच्या नावाचा वेगळा चौकोन झाला.

माझगावच्या शाळेत आता बाकांवर बहुतेक मुलं इतर धर्मांची आहेत. भायखळ्याच्या ससूनांच्या शाळेत तर प्रामुख्याने मुसलमान वस्तीतली. केहिमकर ज्यांच्यासाठी दारोदार हिंडले ती मुलं नाहीत. पण फळा आहे, खडू आहे, हजेरी आहे. मांडवीच्या जुन्या मशिदीभोवती आता यहुदी घर शोधावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून केलेलं किद्दुशचं सरबत होतं, पण ते प्यायला लांबून लोकल पकडून यावं लागतं. कोकणातल्या काही सिनेगॉगांत सणावारीच दिवे लागतात. तेव्हा मुंबई-ठाण्याहून चार जण येतात, आजोबांचं गाव शोधत इस्राएलहून आलेले दोघं-तिघं भेटतात, आणि कुणीतरी दाराशी उभं राहून रस्त्याकडे बघत असतं.

अलिबागला आपण समुद्र बघायला जातो, कुलाब्याचा किल्ला बघतो, परतताना मासे खातो. कधी वाट वाकडी करून इस्राएल आळीत शिरा. मागेन आबोथचं दार उघडं असलं तर चपला नीट ठेवा, डोकं झाका. शनिवारची सकाळ असली, तर आत शिरताना मोठ्याने बोलू नका. कुणी मोजत असेल.